चहा एक, जेवण एक : आपल्या पट्ट्यातल्या टोकनांची गोष्ट

शाळेच्या सायकल स्टँडवरचा पत्र्याचा बिल्ला कोणाकोणाला आठवतो? दोन सारखे बिल्ले, दोन्हींवर एकच आकडा ठोकलेला. एक हँडलला लटकायचा, दुसरा आपल्या कंपासपेटीत. हरवला तर शिपाईकाका बाकीच्या सगळ्या सायकली जाईपर्यंत थांबवून ठेवायचे. माझा दोनदा हरवला. त्यातला एक काही वर्षांपूर्वी आईच्या शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये सापडला. माझ्या संग्रहातली ती पहिली वस्तू.

संग्रह हा शब्द जरा मोठाच झाला. तीनेकशे तुकडे आहेत, तेही मिठाईच्या रिकाम्या डब्यांत ठेवलेले. गिरणीतल्या पिठाच्या डब्यावरचे पत्र्याचे नंबर, हॉटेलांची पितळी टोकने, कारखान्यातले हजेरीचे बिल्ले, कँटीनची कुपने. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेले की मूठभर मिळायची. पूर्वी कुदळवाडीच्या भंगारवाल्यांकडेही चकरा मारायचे. तिथे ही टोकने किलोच्या भावाने यायची आणि त्याच भावाने भट्टीत जायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली गोदामे पाडली, तेव्हापासून तो रस्ता बंद झाला. घरच्यांना हा छंद म्हणजे भंगार गोळा करण्याचा सभ्य प्रकार वाटतो. मी दिवसभर संगणकावर जे काम करते त्यातही ‘टोकन’ हा शब्द पन्नास वेळा येतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर आपल्या कार्डाचा नंबर दुकानदाराकडे राहतच नाही, त्याच्या जागी एक टोकन राहते. त्यामुळे ऑफिसात कोणी विचारले की मी सांगते, कामाचाच भाग आहे.

इतिहासाच्या बाई हे वाचणार आहेत, म्हणून आधीच कबूल करते की सनावळ्या मी दहावीला घोकल्या आणि परीक्षा संपताच विसरले. या नादाने त्या पुन्हा शिकावे लागल्या.

नाणी जमवणारे लोक ‘व्यापारी टोकन’ म्हणतात ती वस्तू अशी: सरकारने पाडलेली सुटी नाणी पुरत नाहीत, म्हणून दुकानदार स्वतःच्या नावाचा धातूचा तुकडा पाडून घेतो आणि सुट्ट्या पैशांऐवजी गिऱ्हाइकाला देतो. पुढच्या खेपेला गिऱ्हाइकाने तो परत आणायचा आणि तेवढा माल न्यायचा. इंग्लंडमध्ये १६४८ नंतर जवळजवळ पंचवीस वर्षे हा प्रकार जोरात होता. किराणावाल्याच्या टोकनावर साखरेची ढेप असायची, मेणबत्तीवाल्याच्या टोकनावर मेणबत्त्या करणारा माणूस. १६७२ साली दुसऱ्या चार्ल्स राजाने तांब्याची सरकारी नाणी काढली आणि या टोकनांवर बंदी आली. शंभर वर्षांनी पुन्हा टंचाई झाली, तेव्हा १७८७ साली वेल्समधल्या तांब्याच्या खाणीच्या एका कंपनीने आपली पेनी काढली आणि तीच लाट परत आली. अमेरिकेत तर यादवी युद्धाच्या काळात, १८६२ ते १८६४, लोकांनी सुटी नाणी दडवून ठेवल्यामुळे दुकानदारांनी हजारो प्रकारची टोकने काढली. सरकारने ती बंद पाडली तरी खेड्यापाड्यांतल्या जनरल स्टोअर्सची टोकने पुढे विसाव्या शतकातही चालू राहिली. त्यांवर लिहिलेले असे, ‘पाच सेंटच्या मालासाठी’. पाच सेंट असे नुसते लिहायचे नाही, मालासाठी असे लिहायचे. या एका शब्दाकडे लक्ष ठेवा, पुढे कामाला येईल.

असे तुकडे पाहिल्यावर मला वाटले, आपल्याकडेही असणार. चिंचवड, देहूरोड, तळेगाव, चाकण, जुन्नर, मंचर, एवढी पेठांची गावे, एवढे वाणी. एखाद्याने तरी स्वतःच्या नावाचा पितळी पैसा काढला असेल. चार-पाच वर्षे मी तो शोधत होते. मिळाला नाही.

नाणे आपल्या गावाला नवे नव्हते. पेशवाईत खुद्द चिंचवडला टांकसाळ होती. मोरया गोसावींच्या मंदिराकडे आपली सहल दर वर्षी चालत जायची, पण हे तेव्हा कोणी सांगितल्याचे आठवत नाही. त्या काळच्या टांकसाळी बहुधा सरकार स्वतः चालवत नसे. सोनार-सराफांना परवाना द्यायचा, त्यांच्याकडून ठरलेली रक्कम घ्यायची आणि नाणे खरे पाडण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकायची. साहजिकच एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या गावात पूर्ण किमतीला जात नसे. सराफ तो पारखून घ्यायचा आणि बट्टा कापायचा. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण म्हणतो तो बट्टा हाच. नाणी पारखणारा तो पोतदार. आपल्या वर्गातल्या पोतदारला हे माहीत आहे का, भेटल्यावर विचारायचे आहे. रोजच्या बाजारासाठी तांब्याची शिवराई होती. राज्य गेले, पेशवाई गेली, तरी एकोणिसावे शतक सरत आले तोवर दख्खनच्या बाजारात शिवराई आणि ढब्बू पैसा फिरतच होते. लोकांना नाण्यावर कोणाचे नाव आहे यापेक्षा समोरचा वाणी ते घेतो की नाही याच्याशी मतलब.

मग दुकानदारांची टोकने का नाहीत? उत्तर मला एका कायद्यात मिळाले. १८८९ साली इंग्रज सरकारने ‘मेटल टोकन्स ॲक्ट’ केला. खासगी माणसाने पैसा म्हणून वापरण्यासाठी धातूचे तुकडे पाडणे, देण्यासाठी जवळ बाळगणे आणि देणे, तिन्ही गुन्हा. हा कायदा किती जुना, किती विस्मृतीत गेलेला असेल असे वाटते ना? तो एकविसाव्या शतकातही जिवंत होता. २०११ च्या नाणे कायद्याने तो रद्द केला आणि तीच बंदी नव्या कायद्याच्या तेराव्या कलमात घातली. म्हणजे आजही आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्याने पितळेचा एक रुपया काढला तर तो गुन्हाच.

आसामच्या चहामळ्यांत मजुरांसाठी धातूची टोकने चालत, ती संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे मात्र टंचाई आली की धातूऐवजी दुसरे काहीतरी पुढे आले. दुसऱ्या महायुद्धात १९४२-४३ च्या सुमारास सुटे पैसे बाजारातून गायब झाले, तेव्हा काठियावाड आणि राजस्थानातल्या काही संस्थानांनी पुठ्ठ्याची कुपने काढली. इंग्रज सरकारने तांबे वाचवायला पैशाच्या मधोमध भोक पाडले. तो भोकाचा पैसा आजीच्या फडताळात सगळ्यांनी पाहिला असेल. पुढे १९५७ साली नवे पैसे आले, नंतर ॲल्युमिनियमची एक, दोन, तीन पैशांची नाणी आली. १९७१ साली तर नाणी वितळवणे आणि साठवणे हा गुन्हा ठरवणारा वेगळा कायदाच करावा लागला. आपल्या वेळेपर्यंत शाळेसमोरच्या स्टेशनरीवाल्याने या सगळ्यावर उपाय काढलेला होता, लिमलेटची गोळी. पाच पैसे परत द्यायचे असले की बरणीत हात घालायचा. आपण ती गोळी घ्यायचो, पण गोळी देऊन त्याच्याकडून खोडरबर कधी मिळाले नाही. म्हणून गोळीला टोकन म्हणता येत नाही. टोकन दोन्ही बाजूंनी चालावे लागते.

आता आपल्या पट्ट्याकडे येते, कारण खरी टोकने इथेच आहेत, फक्त मी चुकीच्या ठिकाणी शोधत होते. दुकानाच्या गल्ल्यात नव्हे, कारखान्याच्या कँटीनमध्ये शोधायला हवी होती.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या शेहेचाळिसाव्या कलमानुसार अडीचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कँटीन चालवायला भाग पाडता येत असे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. मग आकुर्डीत बजाज, १९६२ साली एमआयडीसी, त्यानंतर टेल्को आणि मागोमाग लहानमोठे शेकडो कारखाने. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. दिवसपाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, हजारो माणसांना अर्ध्या तासात जेवायला घालायचे. तिथे सुटे पैसे मोजत बसले तर पाळी संपायची. म्हणून टोकन. ॲल्युमिनियमची गोल चकती, मधे भोक, वर ठोकलेले ‘चहा’. चौकोनी असेल तर ‘नाश्ता’. जेवणासाठी बहुतेक ठिकाणी कागदी कुपनांचे पुस्तक. माझ्याकडे अशी चकती आणि कुपने चौदा वेगवेगळ्या कारखान्यांची आहेत. एकावरही रक्कम नाही. सगळीकडे वस्तू लिहिलेली. अमेरिकन दुकानदाराने ‘मालासाठी’ असे लिहून जे साधले तेच इथे झाले. चकतीवर पैसे लिहिले की ती पैसा होते आणि कायदा आड येतो. चहा लिहिला की ती चहाच राहते.

आणि याचा एक फायदा अर्थशास्त्र शिकलेल्यांना लगेच कळेल. चहाचा भाव वाढला तरी चकती चहाच देते. महागाई तिला शिवत नाही. बाबा सांगतात की कँटीनचा दर वाढणार अशी कुणकुण लागली की लोक खिडकीवर रांग लावून टोकने घेऊन ठेवायचे.

बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याचे नाव लिहीत नाही, आपल्यातल्या निम्म्यांचे वडील तिथेच होते, त्यांना सांगायची गरज नाही. महिन्याला सव्वीस जेवणांच्या कुपनांचे पुस्तक मिळायचे, पैसे पगारातून कापले जायचे. प्रत्येक कुपनावर कामगाराच्या टोकन नंबरचा रबरी शिक्का. आई मात्र डबा द्यायची. तिला कँटीनचे तेल पटायचे नाही. मग शिल्लक कुपने कुठे जात?

ती जात आपल्या ‘ब’ तुकडीतल्या एका मैत्रिणीच्या वडिलांच्या किराणा दुकानात. (तिने नाव छापू नको असे बजावले आहे.) कुपन कामगाराला बारा आण्यांना पडायचे. हो, १९९० नंतरसुद्धा आमच्या घरी बारा आणेच म्हणत, पंचाहत्तर पैसे नव्हे. दुकानात ते एक रुपयाला जायचे. साखर घ्या, साबण घ्या, काड्यापेटी घ्या. काका चार आणे जास्त का देत हे मला लहानपणी कधी कळले नाही. ते धर्म करत नव्हते. कारखान्यात कंत्राटी पोरेही असायची, त्यांना सवलतीचे पुस्तक मिळत नसे आणि रोखीने तेच जेवण बरेच महाग पडे. ती पोरे संध्याकाळी काकांकडून सव्वा रुपयाला कुपन घेऊन जायची. कायम कामगाराचे कुपन असे वाण्यामार्फत कंत्राटी कामगाराच्या ताटात पोचायचे. चार आणे बाबांना, चार आणे काकांना, आणि ते पोरही फायद्यात. कंपनीला हे माहीत होते का? बाबा म्हणतात, सगळ्यांना माहीत होते. जेवणारी डोकी तेवढीच राहत होती, मग कोण कशाला बोलेल.

मी या व्यवहाराकडे इंजिनिअरच्या नजरेने पाहते तेव्हा मला तो फार नीटनेटका वाटतो. काकांच्या दुकानापासून कंपनीचे गेट पाच मिनिटांवर. कुपन त्या पाच मिनिटांच्या परिघात पैसा होते, आकुर्डीत नेले तर कागद. इंग्लंडातल्या साखरेच्या ढेपेच्या टोकनाचेही तेच. जिथपर्यंत दुकानदाराला ओळखतात तिथपर्यंत ते चालते. बदल एवढाच की इथे कुपन काढणारा एक आणि त्याला बाजारात उभे करणारा दुसरा. आणि त्यात एक गडबड होती, ती १९९३ साली दिसली.

आपण नववीत गेलो त्या पावसाळ्यात कारखान्यात टाळेबंदी झाली. पिंपरी-चिंचवडला संप-टाळेबंदी नवी नव्हती. चारच वर्षांपूर्वी, १९८९ साली, टेल्कोच्या कामगारांचे शनिवारवाड्यावरचे उपोषण अख्ख्या पुण्याने पाहिले होते. आमच्याकडे सगळ्यांना वाटले, दिवाळीपर्यंत गेट उघडेल. उघडले नाही. पुढे कधीच उघडले नाही. बाबा भोसरीला एका लहान वर्कशॉपमध्ये लागेपर्यंत अकरा महिने गेले. त्या अकरा महिन्यांत आमच्या घरी धान्य आले ते काकांच्या वहीवर. आमच्याच नाही, मी आता विचारते तेव्हा एकेक जण सांगतो, आमच्याही. वर्गात आपण एकमेकांना हे कधी बोललो नाही. सहलीचे पैसे ‘आणायला विसरलो’ असे म्हणणारे आपण बरेच जण होतो एवढेच आता लक्षात येते.

ती उधारी बाबांनी पुढच्या दोन वर्षांत फेडली. वहीत प्रत्येक ओळीवर काट मारलेली मी स्वतः पाहिली आहे. त्यामुळे आमच्या घरात समज असा होता की हिशोब पुरा झाला.

गेल्या वर्षी काकांचे दुकान असलेली जुनी बिल्डिंग पाडायला निघाली. मैत्रिणीने फोन केला, “तू ते टोकन-बिकन जमवतेस ना, ये, एक डबा आहे.” वनस्पती तुपाचा पाच किलोचा डबा होता. आत रबरबँडने बांधलेले गठ्ठे, रबर वितळून कागदाला चिकटलेले. ‘एक जेवण’, ‘एक जेवण’, ‘एक जेवण’. दोनशे छत्तीस कुपने.

घरी आणून मोजली तेव्हा अर्थ डोक्यात शिरला. ही टाळेबंदीच्या दिवशी काकांच्या गल्ल्यात असलेली कुपने. एकेका रुपयाचा माल आधीच दिलेला, आणि गेट बंद झाल्यामुळे ती विकत घ्यायला पुन्हा कोणी आले नाही. कंपनीने टाळे लावले, आणि तिच्या कँटीनच्या जेवणाचा तोटा शेजारच्या वाण्याच्या डब्यात बसला. दोनशे छत्तीस रुपये आज ऐकायला किरकोळ वाटतात. त्या वर्षी ज्या दुकानाची निम्मी गिऱ्हाइके उधारीवर होती त्याला ते किरकोळ नव्हते. काकांनी ती रक्कम कोणाच्याही वहीत चढवली नाही. चढवली असती तरी कोणी चुकीचे म्हटले नसते. प्रत्येक कुपनावर नंबर होता, कोणाचे ते स्पष्ट होते.

त्यातली अकरा आमची. बाबांचा नंबर ४१२.

बाबांना दाखवली तेव्हा ते बराच वेळ नुसती उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, “चल, चाकणला जाऊ.” काका आता चाकणला मुलाकडे असतात. मोशीच्या पुढे नेहमीसारखे ट्रॅफिक, दीड तास लागला. बाबांनी खिशात पाकीट तयार ठेवले होते. काकांना आता ऐकू कमी येते. डब्याचे सांगितले तर आठवेना, मग आठवले. बाबांनी पाकीट पुढे केले तसे त्यांनी हात मागे घेतला.

“अहो, ते कंपनीचं देणं. तुमचं कुठाय?”

“माल आम्ही नेला ना, शेठ.”

“नेला तेव्हा कुपन चालत होतं. चालणारं कुपन देऊन नेला. चोरलं काय?”

बराच वेळ हेच चालले होते. शेवटी मैत्रिणीच्या वहिनीने चहा आणला आणि विषय कांद्याच्या भावावर गेला. पाकीट बाबांनी तसेच परत आणले. बाबांना ते अजून पटलेले नाही. मला विचाराल तर काकांचे म्हणणे कायद्याने बरोबर आहे आणि बाबांचे म्हणणेही चूक नाही. दोघांत कोण खरे हे मी ठरवू शकत नाही.

मी स्वतः नोकरीला लागले तेव्हा हिंजवडीत आम्हाला कंपनीकडून सोडेक्सोची कुपने मिळायची. आयकर वाचावा म्हणून जेवणापुरती दिलेली. त्यांनी आम्ही तांदूळ, शाम्पू, एकदा तर प्रेशर कुकरही घेतला आहे. काही दुकानदार पूर्ण किमतीला घ्यायचे, काही थोडे कापून. तोच जुना बट्टा. मग त्यांचे कार्ड झाले, आणि आता क्यूआर कोडमुळे चार आण्यांचा प्रश्नच उरला नाही. तशीही पावली ३० जून २०११ नंतर चलनातून गेलीच. त्या छापील कुपनांतले एकसुद्धा मी ठेवले नाही. संग्रह करणारीच्या हातून हे व्हावे!

आता कामाचे. त्या दोनशे छत्तीस कुपनांवर एकतीस वेगवेगळे टोकन नंबर आहेत. काही नंबरांचे एकच कुपन आहे, एका नंबराची बावीस आहेत. मी क्रमाने यादी केली आहे. मेळाव्याच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी, नावनोंदणीच्या टेबलाशेजारी डबा ठेवणार आहे, आणि मैत्रीण काकांनाही घेऊन येणार आहे, तब्येत बरी असेल तर. ज्यांचे वडील त्या कारखान्यात होते त्यांनी येताना त्यांचा नंबर विचारून या. वडील नसतील तर आईला विचारा, आयांना हे नंबर पाठ असतात. पगाराची जुनी पावती किंवा हजेरीचा बिल्ला घरात असेल तर त्यावरही सापडेल. फेकू नका, घेऊन या.